कारची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी बुक करायला बसलं की, किंवा पहिली वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी सर्व्हिस सेंटरचा फोन आला की, हे प्रश्न येतात. वाचकांकडून पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दुसऱ्या प्रश्नाशी संबंध आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे नेमकं काय? हा विम्याचाच प्रकार आहे का?

नाही. विमा अपघात, चोरी, पूर, आग यांसाठी असतो. वॉरंटी गाडीतला भाग आपोआप बिघडला तर त्यासाठी असते. सदोष बनावटीमुळे गिअरबॉक्स गेला, एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला, तर दुरुस्तीचा आणि लेबरचा खर्च वॉरंटीतून होतो. नव्या गाडीबरोबर मिळणारी मूळ वॉरंटी संपली की पैसे भरून घेतलेली ही वाढीव मुदत सुरू होते. दोन्ही कागद वेगळे, दोन्हींच्या अटी वेगळ्या. मूळ वॉरंटीत असलेली प्रत्येक गोष्ट वाढीव मुदतीत असेलच असं धरून चालू नका.

२. माझ्या गाडीची मूळ वॉरंटी किती आहे, हे कसं कळेल?

गाडीसोबत मिळालेल्या वॉरंटी पुस्तिकेत. शोरूममधल्या माणसाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. मारुती सुझुकीची मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किमी होती, ती जुलै २०२४ पासून ३ वर्षं किंवा १ लाख किमी झाली. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांची मुदत वेगळी असू शकते. होंडाच्या गाड्यांना ३ वर्षं मिळतात आणि किलोमीटरची मर्यादा नाही.

‘जे आधी होईल ते’ हे शब्द नीट वाचा. वर्षाला ४०,००० किमी धावणाऱ्या गाडीची ‘३ वर्षं किंवा १ लाख’ वॉरंटी अडीच वर्षांतच संपते. कागदावर तारीख शिल्लक दिसते, पण क्लेम मिळत नाही. ज्यांचं रनिंग जास्त आहे त्यांनी वाढीव वॉरंटी घेताना वर्षांपेक्षा किलोमीटरचा आकडा आधी पाहावा.

३. यात कशाचा खर्च मिळतो आणि कशाचा नाही?

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साधारणपणे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), अल्टरनेटर, स्टार्टर, फ्युएल पंप, एसी कॉम्प्रेसर यांच्यातला बिघाड धरला जातो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, फिल्टर, ऑइल, कूलंट हे झिजणारे किंवा संपणारे भाग धरत नाहीत. टायर आणि १२ व्होल्टची बॅटरी यांची वॉरंटी ज्या कंपनीने ते बनवले तिची असते. कारच्या वॉरंटीशी तिचा संबंध नाही.

खरी अडचण मधल्या भागांची. सस्पेन्शनचे बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, इंजिन माउंटिंग, दरवाजाचं रबर. खड्ड्यांतून फिरणाऱ्या गाडीत हेच आधी आवाज करतात आणि नेमकं यांनाच ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’ म्हणून बाजूला काढलं जातं. टचस्क्रीन, कॅमेरे, सेन्सर यांची मुदतही कधीकधी बाकी गाडीपेक्षा कमी असते.

म्हणून पैसे भरण्याआधी एक गोष्ट तपासा. कागद दोन प्रकारचे असतात. एकात ‘खालील भागच कव्हर आहेत’ अशी यादी असते. दुसऱ्यात ‘खालील भाग सोडून सगळं कव्हर आहे’ असं लिहिलेलं असतं. दुसरा प्रकार ग्राहकाला कितीतरी सोयीचा, कारण यादीत नाव नसलेला एखादा छोटा सेन्सर गेला तरी तो धरला जातो. माहितीपत्रकावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो आतल्या बारीक अक्षरांत.

प्रत्येक क्लेमला किंवा एकूण क्लेमला रुपयांची मर्यादा आहे का, हेही त्याच पानांवर सापडेल.

४. मग माझ्यासाठी ती फायद्याची आहे की नाही?

माझं मत स्पष्ट आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो पेट्रोल इंजिन, बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांनुसारचं) डिझेल किंवा भरपूर इलेक्ट्रॉनिक्स, यांतलं काहीही गाडीत असेल आणि गाडी पाच-सहा वर्षं वापरायची असेल, तर घ्या. साधी मॅन्युअल पेट्रोल गाडी आहे, वर्षाला सहा-सात हजार किमी चालते आणि ती तीन-चार वर्षांत विकायची आहे, तर तेच पैसे बाजूला ठेवलेत तरी चालेल.

हिशोब असा करा. समजा चौथ्या आणि पाचव्या वर्षासाठी २४,००० रुपये सांगितले, म्हणजे महिन्याला हजार. आता आपल्याच मॉडेलच्या तीन महाग भागांचं इस्टिमेट सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्या: गिअरबॉक्स असेंब्ली, टर्बो किंवा इंजेक्टर संच, आणि एसी कॉम्प्रेसर. सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच (ऑटोमॅटिकचे दोन प्रकार, प्रश्न ५ पाहा) गिअरबॉक्स अख्खा बदलायचा झाला तर बिल लाखाच्या पुढे जातं. असं बिल आलं तर घरखर्च न हलवता भरता येईल का? येत असेल तर वॉरंटी न घेताही तुमचं भागेल. येत नसेल तर महिना हजार ही किंमत रास्त आहे.

बऱ्याच लोकांना या दोन वर्षांत एकही मोठा क्लेम करावा लागत नाही, हेही खरं. ‘पैसे वाया गेले’ असं तेव्हा वाटणार हे धरूनच निर्णय घ्या.

सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरला आहे का, तेही विचारा. आणि ही रक्कम गाडीच्या कर्जात घालू नका. पुढची पाच-सात वर्षं तिच्यावर व्याज भरत बसाल.

५. ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या सारख्याच का? एएमटीलाही लागेल?

सारख्या नाहीत. एएमटीत आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, वर क्लच आणि गिअर आपोआप हलवणारा अ‍ॅक्च्युएटर बसवलेला असतो. तो गेला तर खर्च हजारांत जातो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा प्रकार, एकंदरीत टिकाऊ. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचचा) यांची दुरुस्ती सुट्या भागांपेक्षा मोठ्या संचांत होते, आणि ती करणारे बाहेरचे मिस्त्री जिल्ह्याच्या गावातही शोधावे लागतात. ड्राय, म्हणजे तेलात न बुडलेल्या, क्लचचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स ट्रॅफिकमध्ये रांगत राहिला की तापतो. मुंबई-पुण्यात रोज तासभर अशा गाडीत बसत असाल तर मी वॉरंटीशिवाय राहा असं सांगणार नाही.

६. माझी डिझेल गाडी आहे. काही वेगळं बघावं लागेल का?

हो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ही काजळी जाळायला एक्झॉस्ट पुरेसा तापावा लागतो. कोथरूड ते हिंजवडी अशी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली रोजची ये-जा असेल तर तो तापत नाही, फिल्टर भरत जातो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवली की बहुतेक वेळा तो विझतो. दिव्याकडे आठवडाभर दुर्लक्ष केलं, फिल्टर पूर्ण चोंदला आणि मग क्लेम टाकला, तर ‘वापरातली चूक’ म्हणून तो नाकारला जाण्याची शक्यता मोठी. डीपीएफ, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बो आणि इंजेक्टर हे चार शब्द कव्हरेजमध्ये आहेत का, ते बोट ठेवून वाचा. नसतील तर डिझेलसाठी त्या वॉरंटीचा उपयोग निम्म्यावर आला.

७. शोरूमवाले म्हणतात, वॉरंटी घेतली नाही तर डिलिव्हरी उशिरा मिळेल. ती बंधनकारक आहे का?

बंधनकारक नाही. कायद्याने लागतो तो थर्ड पार्टी विमा, आरटीओ नोंदणी आणि रोड टॅक्स. एक्स्टेंडेड वॉरंटी, अ‍ॅक्सेसरी किट, टेफ्लॉन कोटिंग, सर्व्हिस पॅकेज हे सगळं ऐच्छिक. कोटेशनमध्ये प्रत्येक बाब वेगळी लिहून मागा आणि नको ती खोडायला सांगा. अडवणूक झाली तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, डीलरचं कोटेशन जोडा. लेखी तक्रार गेली की सूर बदलतो.

८. गाडीबरोबरच घ्यावी की मूळ वॉरंटी संपताना?

गाडीबरोबर घेतली तर बहुधा स्वस्त पडते. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत कधीही देतात, मात्र जसजसा उशीर तसतसा दर वाढतो. मुदत उलटून गेल्यावर काही कंपन्या गाडी तपासून देतात, काही देतच नाहीत.

माझा सल्ला: डिलिव्हरीच्या गडबडीत सही करू नका. दराचे टप्पे लेखी विचारा. पहिला टप्पा वर्षभराचा असेल तर अकराव्या महिन्यापर्यंत थांबा. तोवर गाडी कशी आहे, तुमचं रनिंग किती होतंय, ती किती वर्षं ठेवणार, या तिन्हींचा अंदाज आलेला असतो.

९. कंपनीची वॉरंटी आणि डीलरने दिलेली ‘पार्टनर’ वॉरंटी यांत फरक काय?

खूप. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी देशभरातल्या तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चालते, आणि गाडीच्या चॅसिस नंबरवर तिची नोंद होते. बाहेरच्या कंपनीच्या वॉरंटीत आधी तिची परवानगी, मग सर्व्हेअर, मग मंजुरी अशी साखळी असते. कधीकधी खर्च आधी स्वतः भरून नंतर परत मिळवावा लागतो.

डीलरकडे नाव सारखंच वाटतं, म्हणून प्रमाणपत्रावर जबाबदार कंपनी कोण लिहिली आहे ते पाहा. पैसे भरल्यावर आठवड्याभरात कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा कस्टमर केअरला चॅसिस नंबर देऊन नोंद झाली का, याची खात्री करा. पावती हातात आहे पण नोंद नाही, हे क्लेमच्या दिवशी कळणं फार वाईट.

१०. मधे एकदा बाहेरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललं. वॉरंटी गेली का?

आपोआप जायला नको. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात हेच म्हटलं होतं: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. या प्रकरणात पुढे अपिलं झाली.

व्यवहारात मात्र वाढीव वॉरंटीच्या अटींत ‘वेळापत्रकाप्रमाणे अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग’ ही अट जवळपास हमखास असते. टर्बो गेला आणि आधीच्या ऑइल बदलाची नोंद नसेल, तर तुम्हाला भांडावं लागेल. म्हणून वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करा. पंक्चर, सीट कव्हर, वॉशिंग कुठेही करा. बाहेर ऑइल बदललंच असेल तर ग्रेड लिहिलेलं जीएसटी बिल जपून ठेवा.

सर्व्हिसिंगला थोडा उशीर चालतो का, असंही विचारतात. पुस्तिकेत सवलतीचे दिवस किंवा किलोमीटर दिलेले असतात. त्यांच्या आत राहा.

११. पावसात साचलेल्या पाण्यातून गेलो आणि इंजिन बंद पडलं. वॉरंटीत मिळेल का?

नाही. मूळ वॉरंटीत नाही आणि वाढीव वॉरंटीतही नाही. पाणी बाहेरून शिरलेलं असतं, बनावटीत दोष नसतो. यासाठी विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं अ‍ॅड-ऑन असतं. मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगली इथल्या लोकांनी पैसे मोजकेच असतील तर एक्स्टेंडेड वॉरंटीच्या आधी हे घ्यावं. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनचं खरं नुकसान त्यानेच होतं. टोइंग बोलवा.

१२. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर?

वॉरंटीत नाही. सर्वसमावेशक विम्यात बहुधा क्लेम होतो. पॉलिसी तपासा.

१३. नंतर सीएनजी किट बसवलं तर?

कारखान्यातून सीएनजी बसवून आलेल्या गाडीला अडचण नाही, तिची वॉरंटी त्या किटसकट असते. बाहेरून किट बसवलं तर इंजिन, इंधन यंत्रणा आणि वायरिंग यांचे क्लेम बहुधा नाकारले जातात. आरटीओत नोंद करून कायदेशीर बसवलेलं असलं तरीही. किट कायदेशीर असणं आणि वॉरंटी टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

हेच तत्त्व वायर कापून लावलेल्या हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टीम यांना लागू. कपलरला जोडणाऱ्या, कंपनीच्या मान्य अ‍ॅक्सेसरी घ्या आणि बिलावर पार्ट नंबर येऊ द्या.

१४. जुन्या गाडीच्या पुस्तिकेत १० टक्के इथेनॉलपर्यंतचंच पेट्रोल वापरा असं लिहिलंय. पंपावर २० टक्के मिळतं. क्लेम नाकारतील का?

‘मान्य नसलेलं इंधन’ हे वॉरंटी नाकारायचं एक ठरलेलं कारण आहे, त्यामुळे शंका रास्त आहे. तोंडी ‘काही होत नाही साहेब’ यावर थांबू नका. मॉडेल, उत्पादनाचं वर्ष आणि चॅसिस नंबर लिहून कंपनीला ईमेल करा: २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल वापरल्यास मूळ आणि वाढीव वॉरंटी कायम राहील का? उत्तर आल्यावर मगच वाढीव वॉरंटीचे पैसे भरा. पेट्रोल भरल्याच्या पावत्या, निदान यूपीआयच्या नोंदी, ठेवा. भेसळीचा संशय घेतला गेला तर त्या कामी येतात.

१५. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीला वेगळी वॉरंटी लागते का?

मोठ्या बॅटरीची वॉरंटी मुळातच लांब असते. टोयोटाच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किमी मिळतात. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीलाही तेवढेच मिळत, २०२५ पासून तिच्या मोठ्या बॅटरीला ‘लाइफटाइम’ वॉरंटी आहे. तेव्हा सगळ्यात महाग भाग आधीच सुरक्षित आहे. वाढीव वॉरंटीचा प्रश्न उरतो तो बाकी गाडीपुरता: मोटर कंट्रोलर, ऑनबोर्ड चार्जर, एसी, स्क्रीन. यांतले कोणते भाग बॅटरीच्या लांब मुदतीत आहेत आणि कोणते साध्या तीन वर्षांत, ते विचारा. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर क्लेम होतो, हा आकडाही लेखी घ्या. ‘लाइफटाइम’ म्हणून दिलेली बॅटरी वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते.

१६. गाडी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला मिळते का? मी सेकंडहँड घेतोय.

कंपनीची वॉरंटी बहुधा नव्या मालकाच्या नावे होते, पण आपोआप नाही. आरसीवर नाव बदलल्यावर ठरलेल्या दिवसांत अर्ज आणि थोडं शुल्क लागतं. विकणाऱ्याने ‘अजून दोन वर्षं वॉरंटी आहे’ म्हटलं तर व्यवहाराआधी अधिकृत केंद्रात चॅसिस नंबर दाखवून शिल्लक मुदत आणि सर्व्हिस हिस्ट्री काढा. मधली एखादी सर्व्हिसिंग गाळलेली असेल तर प्रश्न १० ची अडचण तुमच्या गळ्यात येईल. जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपन्या स्वतःची वॉरंटी देतात, ती प्रश्न ९ मधल्या बाहेरच्या वॉरंटीसारखी तपासा.

१७. वाढीव वॉरंटी घ्यायची नाही ठरवलं. मूळ वॉरंटी संपायच्या आत काय करून घेऊ?

शेवटच्या महिन्यात गाडी केंद्रात न्या आणि प्रत्येक तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या. इथे शब्दांना किंमत आहे. ‘जनरल चेकअप’ असं लिहिलेलं जॉबकार्ड पुढे कामाचं नाही. असं लिहून घ्या: ‘गाडी थंड असताना पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना झटका बसतो. रीडिंग ८४,२१० किमी.’ अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून फेरी मारा, आवाजाचा व्हिडिओ काढा. मुदतीत नोंदवलेली तक्रार मुदतीनंतर वाढली, तर तिच्यासाठी भांडायला हाच कागद उपयोगी पडतो.

रिकॉल आहे का, तेही बघा. सुरक्षेच्या दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या असतील तर ते काम वॉरंटी संपली तरी मोफत होतं. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकून कळतं.

१८. आमचं गाव आडबाजूला आहे, अधिकृत केंद्र ऐंशी किलोमीटरवर. तरी घ्यावी?

अंतराचा खर्च हिशोबात धरा. प्रत्येक सर्व्हिसिंगला एक दिवस आणि जाण्यायेण्याचं इंधन जाणार. गाडी बंद पडली तर केंद्रापर्यंत टोइंग कोण करणार, किती किलोमीटरपर्यंत मोफत, हे विचारा. रोडसाइड असिस्टन्स अनेकदा वेगळा विकला जातो. साधी मॅन्युअल गाडी असेल आणि गावात भरवशाचा मिस्त्री असेल, तर मी न घेण्याच्या बाजूने आहे.

१९. मी परदेशात असतो. गाडी गावी उभी असते, वर्षाला दोन-तीन हजार किमी चालते.

वॉरंटीचं घड्याळ उभ्या गाडीलाही लागू असतं, आणि किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदाची सर्व्हिसिंग चुकवता येत नाही. उभ्या गाडीत बिघडतात त्या बॅटरी, टायर, रबराचे भाग आणि उंदरांनी खाल्लेल्या वायरी. यांतलं जवळपास काहीच वॉरंटीत नाही. हे पैसे घरातल्या कुणीतरी दर आठवड्याला गाडी अर्धा तास फिरवून आणावी यासाठी खर्च करा.

२०. खासगी गाडी अ‍ॅपवर भाड्याने दिली तर?

बहुतेक अटींमध्ये व्यावसायिक वापर वगळलेला असतो किंवा त्याची मुदत कमी असते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवल्याचं निघालं तर वॉरंटी आणि विमा दोन्ही अडचणीत येतात.

२१. क्लेम नाकारला. आता काय?

पहिलं काम, कारण लेखी मागा. कोणत्या कलमाखाली नाकारला, त्या कलमाचा क्रमांक आणि तपासणीचा अहवाल. भाग उघडण्याआधीही एक विचारा: क्लेम मंजूर झाला नाही तर खोलण्या-जोडण्याचं लेबर कुणी भरायचं? बऱ्याच अटींत ते ग्राहकावर असतं. जुना भाग तुमच्या ताब्यात किंवा सीलबंद ठेवायला सांगा. तो भंगारात गेला की पुरावा गेला.

मग कंपनीच्या विभागीय कार्यालयाला ईमेल. दुरुस्तीच्या खर्चात कंपनीने वाटा उचलावा अशी ‘गुडविल’ची मागणीही त्यातच करा. सर्व्हिस हिस्ट्री चोख असेल तर अनेकदा काही टक्के मिळतात, अगदी मुदत नुकतीच संपली असली तरी.

तिथेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय चेन्नईला असो की गुरुग्रामला. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येते. मोबदला, म्हणजे वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, त्यापुढे ५० लाखांपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा. बनावटीतला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, म्हणून नाकारलेला भाग बाहेरच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेण्याआधी त्याची स्वतंत्र तपासणी करून घ्या.